पाकळी नव्हे, वाकळ

गेल्या चैत्रात भाचीनं व्हर्जिनियाहून एक फोटो पाठवला. तिच्या घरासमोर रस्त्याकडेला एक बुटकं, पसरट झाड आहे. फांद्यांवर हिरवं पान जवळजवळ नाहीच, आणि जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तशी शेंड्यापर्यंत पांढरी फुलं. खाली लिहिलं होतं, "मामा, हे डॉगवुड. चारच पाकळ्या, पण काय दिसतंय बघ. आपल्याकडं का नसतंय हे?"

सांगलीत त्या दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. मी पंख्याखाली बसून उत्तर टाकलं, "झाड झकास आहे. पण त्या पाकळ्या नाहीत."

"मग काय आहेत?"

एवढ्या तीन शब्दांच्या प्रश्नावर आमचं अर्धा तास फोनवर बोलणं झालं आणि तरी ते पुरं झालं नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं असल्यामुळं विषय अर्धा सोडवत नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी तिला म्हटलं, त्या चार पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध जी हिरवट-पिवळी गुंडी दिसते, तिच्याजवळ कॅमेरा ने आणि परत फोटो काढ. तो फोटो आल्यावर मोठा करून बघितला. ती गुंडी म्हणजे वीस-पंचवीस बारक्या फुलांचा झुपका होता. त्यातलं प्रत्येक फूल आपापल्या परीनं पूर्ण. चार इवल्याशा पिवळट पाकळ्या, चार पुंकेसर, मधे एक स्त्रीकेसर. काही उमलली होती, काही अजून मिटलेली होती. म्हणजे जिला ती एक फूल समजत होती ती फुलांची अख्खी वस्ती होती, आणि ज्यांना पाकळ्या म्हणत होती ते त्या वस्तीच्या वेशीवर उभारलेले चार फलक.

या फलकांना वनस्पतिशास्त्रात छद म्हणतात. काही पुस्तकांत सहपत्र असाही शब्द असतो. झाडाच्या कुठल्याही फांदीकडं नीट बघा. नवा फुटवा जिथून निघतो तिथं त्याच्या खाली एक पान असतं. फुटव्याच्या जागी फूल किंवा फुलांचा तुरा निघाला, तर त्याच्या खालचं ते पान म्हणजे छद. बहुतेक झाडांत ते इतकं बारकं असतं, की लक्षातही येत नाही; हिरवट खवला असतो आणि तो लौकर गळून पडतो. काही झाडांनी मात्र या खवल्याला मोठं केलं, रंगवलं आणि कामाला लावलं. पाकळी फुलाचा अवयव असते, छद फुलाच्या बाहेरचा. फरक एवढाच, पण डोळ्याला तो फसवतो.

मी स्वतः फसलोय आणि तेही वर्गात. नोकरीच्या पहिल्या वर्षी फळ्यावर बोगनवेलीचं चित्र काढलं आणि शेजारी लिहिलं, "तीन पाकळ्या". मागच्या बाकावरच्या एका पोरीनं विचारलं, "सर, मग आत ते पांढरं काय असतंय?" मी तिला खाली बसवलं. मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणावरचा एक झुपका तोडून बघितला तेव्हा लक्षात आलं, की पोरगी बरोबर होती. दुसऱ्या दिवशी वर्गात तसं सांगितलं, पण ती सुरुवात काही चांगली झाली नव्हती.

तुमच्याही कुंपणावर बोगनवेल असेलच. सांगली-मिरजेत ती नाही असा बंगला सापडायचा नाही. एक झुपका तोडा. जांभळ्या-गुलाबी कागदासारखे तीन पापुद्रे दिसतील. त्यांवर पानासारख्याच शिरा असतात, उन्हाकडं धरलं की स्वच्छ दिसतात. प्रत्येक पापुद्र्याच्या मधल्या शिरेला चिकटून एक बारीक नळी निघालेली असते आणि तिच्या टोकाला पांढरी चांदणी. ती चांदणी म्हणजे खरं फूल. एका झुपक्यात तीन छद आणि तीन फुलं, ज्याचं त्याला. फूल वाळलं तरी पापुद्रा गळत नाही. आत बी धरलं तर तोच पापुद्रा त्याला वाऱ्यावर घेऊन जातो. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६६ साली फ्रान्सहून जगप्रदक्षिणेला निघालेल्या जहाजांवरच्या वनस्पतितज्ज्ञाला ती ब्राझीलमध्ये दिसली आणि मोहिमेच्या प्रमुखाचं, बुगनव्हिल याचं, नाव तिला मिळालं. आपण त्यात मराठी वेल घुसवून ते घरचं करून टाकलं.

बोगनवेल पुरेशी वाटत नसेल तर स्वयंपाकघरात चला. केळफुलाची भाजी करायची म्हणजे घरातल्या बाईचा निम्मा दिवस जातो, कारण तिला एकेक जांभळा पडदा उचकटून आतली फुलांची फणी काढावी लागते आणि प्रत्येक फुलातला तो काडीसारखा कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा वेगळा करावा लागतो. ते जांभळे पडदे म्हणजे छदच. एकेका पडद्याखाली फुलांच्या दोन ओळी झाकलेल्या असतात. बागेत केळफूल लोंबत असताना रोज एखादा पडदा वर वळतो, खालची फुलं उघडी पडतात आणि मग तो पडदा गळतो. आईच्या हाताखाली बसून केळफूल सोललेल्या माणसाला छद वेगळा शिकवावा लागत नाही, फक्त नाव सांगायचं राहिलेलं असतं.

भाचीला मात्र मी केळफूल सांगितलं नाही. तिला म्हटलं, "अगं, तुझ्या बापाच्या रानात काय आहे?"

तिच्या बापाच्या, म्हणजे आमच्या दाजींच्या रानात, कृष्णेकाठी, वर्षानुवर्षं हळद आहे. सांगलीची हळद म्हटलं की लोकांना बाजारातले सौदे आठवतात, हरिपूरची जमिनीखालची पेवं आठवतात, २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन आठवतं. फूल कुणाला आठवत नाही. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेल्या हळदीला पावसाळ्याच्या उत्तरार्धात फूल येतं, पण पानांचा गर्दावा एवढा असतो, की बांधावरून ते दिसत नाही. सरीत उतरून पानं बाजूला करावी लागतात. ही पोरगी त्या सऱ्यांत लपंडाव खेळलीय. हळदीला फूल येतं हे तिला ठाऊक होतं, ते उघडून मात्र कधी बघितलं नव्हतं.

भाद्रपदात दाजींकडं गेलो होतो तेव्हा मी एक दांडा कापून आणला आणि सोप्यात वर्तमानपत्र पसरून बसलो. दाजी म्हणाले, "पाव्हणं, त्याचं काय बघायचंय? फुलानं का पोट भरतंय?" पण तेही शेजारी बसले.

दांडा वीतभर लांब. त्याच्यावर खालून वर खवले रचल्यासारखे छद. खालचे फिकट पोपटी, वरचे पांढरे आणि टोकाला गुलाबी झाक असलेले. सरीत उभं राहून बघणाऱ्याला हे वरचे पांढरे-गुलाबीच फूल वाटतात. मी आधी खालचा एक पोपटी छद बोटानं बाहेर ओढला. तो शेजारच्या छदांना कडेनं चिकटलेला असतो, त्यामुळं प्रत्येकाच्या मागं एक खिसा तयार होतो. खिशात पावसाचं पाणी साचलं होतं, त्यात दोन मुंग्या मेल्या होत्या आणि पाण्याच्या कडेनं एक पिवळं, नाजूक, ओठ पुढं काढल्यासारखं फूल बाहेर आलं होतं. त्याला चिकटून आणखी दोन कळ्या. हे हळदीचं खरं फूल. एका खिशातली सगळी फुलं एकदम उमलत नाहीत. आज एक, उद्या-परवा दुसरं. मग वरचा गुलाबी छद ओढला. खिसा रिकामा. त्याच्या वरचा, रिकामा. शेंड्यापर्यंत सगळे रिकामे.

दाजी म्हणाले, "म्हंजी वरचं नुसतंच दाखवायला?"

नेमकं तेच. खालच्या छदांकडं फुलं सांभाळायचं काम आणि वरच्यांकडं नुसतं लांबून दिसायचं काम, अशी एकाच दांड्यावर वाटणी झालेली आहे. त्यातही हळदीची एक गंमत आहे. आपण लावतो त्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. परागकण आणि बीजांड तयार होताना संच निम्मे व्हावे लागतात आणि तिनाचे सरळ दोन वाटे होत नाहीत. त्यामुळं फूल येतं, पण बी धरत नाही. म्हणून तर गड्डे लावावे लागतात. दुकान कधीच बंद पडलंय, पाटी मात्र दरवर्षी नव्यानं रंगवली जाते.

हे सगळं बघितल्यावर डॉगवुडकडं वळायला सोपं जातं. तिथं छदाची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिथं एकच वस्तू दोन ऋतूंत दोन कामं करते.

डॉगवुड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड, मोठ्या झाडांच्या सावलीत, जंगलाच्या कडेकडेनं वाढणारं. उंची बहुधा पाच ते दहा मीटर. त्याचं फूल वसंतात उमलतं, पण कळी वसंतात तयार होत नाही. आदल्या उन्हाळ्यातच, म्हणजे आपल्याकडं बैलपोळा-गणपतीचे दिवस येईपर्यंत, फांद्यांच्या टोकांवर कळ्या बसायला लागलेल्या असतात. वाटाण्याएवढी, चपटी, शेंड्याला जरा चोच आलेली; देठावर बारका कांदा बसवलाय असं वाटतं. बाहेरून चार खवले घट्ट मिटलेले. आत ती वीस-पंचवीस फुलं, टाचणीच्या डोक्याएवढी. पुढं झाडाची पानं लाल होऊन गळतात, बर्फ पडतो, पारा शून्याच्या खाली जातो. ते चार खवले आतल्या पिल्लांवर वाकळ पांघरल्यासारखे सगळा हिवाळा तसेच राहतात.

आता वसंत येतो. अशा वेळी बहुतेक झाडं कळीवरचे खवले टाकून देतात. वडाच्या किंवा पिंपळाच्या कोंबावरची गुलाबी टोपी नवं पान उलगडताच खाली पडलेली तुम्ही बघितली असेल. काम झालं, टोपी गेली. डॉगवुड टोपी टाकत नाही. ते चार खवले उघडतात आणि वाढायला लागतात. मात्र वाढतात बुडाकडून. टोकाचा भाग हिवाळाभर थंडी खाऊन कडक, तपकिरी झालेला असतो, तो काही वाढत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी नवा भाग पुढं सरकतो आणि मधे खाच पडते. आधी हिरवट, मग पांढरे होत होत ते तीन-चार सेंटिमीटरपर्यंत पसरतात. भाचीच्या फोटोत प्रत्येक "पाकळी"च्या टोकाला एक खाच आणि तांबूस डाग होता. तिला वाटलं होतं कीड लागलीय. ती कीड नव्हे, हिवाळ्याची खूण.

म्हणजे रात्रभर जी वाकळ पोरांच्या अंगावर होती, तीच सकाळी दारातल्या दोरीवर टाकावी आणि येणाऱ्या पाहुण्यानं लांबूनच "ती रंगीत वाकळ दिसतीय तेच घर" म्हणून वाट धरावी, असा हा प्रकार आहे. पाहुणे म्हणजे बारक्या मधमाश्या, भुंगेरे, माश्या. आतली फुलं एकेकटी एवढी लहान, की हिरव्या जंगलात कुणाला दिसणार नाहीत. प्रत्येकीनं मोठी पाकळी करायची म्हटलं तर वीस-पंचवीस जणींचा खर्च. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चार फलक उभे केले. शिवाय पाकळीचं आयुष्य तिच्या फुलाएवढंच, फुलं मात्र उमलतात पुढंमागं. फलक दोन-तीन आठवडे उभाच राहतो, त्यामुळं मागून उमलणाऱ्या फुलालाही पाहुणा मिळतो.

डॉगवुडच्या घराण्यात सुमारे पन्नास-साठ जाती आहेत आणि बहुतेकांना असे फलक नाहीत. त्यांची बारकी फुलं साध्या झुपक्यांत येतात, आणि तरी त्यांचं बरं चाललंय. त्यामुळं फलक असलाच पाहिजे असं काही नाही. याच घराण्यातलं वीतभर उंचीचं एक भावंड कॅनडाकडच्या जंगलांत असतं. त्यालाही चार पांढरे छद असतात, पण त्याची खरी करामत फुलात आहे. त्याच्या पाकळ्या आतल्या पुंकेसरांना ताणून धरतात आणि कीटकाचा धक्का लागला की अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उघडून पराग गोफणीसारखे फेकतात. डोळ्याची पापणी लवायला याच्या शेकडोपट वेळ लागतो.

इथं वर्गातला कुणी हुशार मुलगा विचारेल, की पान पाकळीसारखं दिसू शकतं, तर मग पाकळी तरी मुळात काय आहे? प्रश्न मार्मिक आहे. जर्मन कवी ग्योथे यानं १७९० साली असं मांडलं, की फुलाचे सगळे अवयव म्हणजे एकाच पानाची वेगवेगळी रूपं. कवीची कल्पना म्हणून कुणी ती सोडूनही दिली असती. दोनशे वर्षांनी जनुकांच्या अभ्यासातून तिला आधार मिळाला. १९९१ साली कोएन आणि मायरोविट्झ या शास्त्रज्ञांनी जे मांडलं ते थोडक्यात असं: फुलात तीन प्रकारची बटणं असतात, त्यांना अ, ब, क म्हणू. नुसतं अ चालू असेल तर बाहेरचं हिरवं संदल होतं, शाळेच्या पुस्तकातलं निदल ते हेच. अ आणि ब मिळून पाकळी. ब आणि क मिळून पुंकेसर. नुसतं क असलं की मधलं स्त्रीकेसर. आणि तिन्ही बंद केली तर त्या जागी काय येतं? पान. जोंधळ्याचं पीठ एकच, भाकरी थापायची, धपाटं लावायचं का आंबील करायची हे हातावर.

बटण बिघडलेलं बघायला प्रयोगशाळा नको. गणपतीला साधी पाच पाकळ्यांची जास्वंद वाहतो, तिच्या मधे पुंकेसरांची लांब नळी असते. गेंदेदार जास्वंदीत ती नळी नीट राहिलेलीच नसते, तिच्या जागी पाकळ्यांचा गुंता. क चं बटण कमी पडलं आणि पुंकेसर व्हायचे ते पाकळ्या झाले. असलं फूल सावकाश उलगडून बघा. एखाद्या आतल्या पाकळीच्या कडेला परागाची पिवळी पिशवी चिकटलेली सापडते. धड पाकळी नाही, धड केसर नाही. मी पूर्वी ते फूल वर्गात फिरवायचो, ते परत येईपर्यंत त्याचा चोथा झालेला असायचा.

सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारी भूतकेस आणखी वेगळी. तिच्या केशरी चांदणीशेजारी पांढरंफटक पान लोंबतं. तो छद नाही. फुलाच्या पाच संदलांपैकी एकच मोठं होऊन फलक झालंय. दिसायला तोच परिणाम, सामान दुसरं. आणि पळस-पांगाऱ्याच्या बाबतीत अशी शंका नको. पळसाचा केशरी भाग खरीच पाकळी, आणि खालचा काळपट मखमली पेला म्हणजे संदलांचा.

आता भाचीचा मूळ प्रश्न. आपल्याकडं का नसतंय हे?

याचं उत्तर तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला अर्धं ठाऊक आहे. एप्रिलात तो खरड छाटणी घेतो, सगळ्या काड्या काढून वेल बोडका करतो. नव्या काड्या फुटतात आणि त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढच्या घडांची सुरुवात होते. त्याला बागाईतदार सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही. पण त्या दिवसांत आभाळ राहिलं, काडीला ऊन कमी पडलं, तर ऑक्टोबरला छाटणी घेतल्यावर नुसता पाला फुटतो, घड निघत नाही. म्हणून जाणते लोक फळछाटणीच्या आधी काड्या तपासायला देतात. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आत घड आहे का नाही. डॉगवुडचंही असंच. फूल कधी दिसेल हे वसंत ठरवतो, पण फूल असेल का नाही हे आदल्या उन्हाळ्यात ठरून गेलेलं असतं. तिकडं हिवाळ्यात हौसेनं फांद्या छाटणारा माणूस पुढच्या वसंताची फुलंच छाटत असतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग थंडीचा. कळी तयार झाली म्हणून लगेच उघडत नाही. उघडली आणि मागून बर्फ पडला तर सगळं संपलं. त्यामुळं थंड मुलखातली झाडं हिशेब ठेवतात. शून्याच्या वर आणि साधारण सात अंशांच्या खाली असे ठरावीक तास गेल्याशिवाय कळी झोपेतून उठत नाही. जानेवारीत मधेच चार दिवस ऊन पडलं तरी ती फसत नाही. थंडीचा कोटा पुरा झाला, मग ऊब आली, की उघडते. सांगलीत आपण डिसेंबरात कानटोपी घालतो, शेकोटी करतो, पण झाडाच्या हिशेबात तो हिवाळाच नव्हे. द्राक्षालाही आपली थंडी पुरत नाही, म्हणून तर ऑक्टोबर छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. थंडीचं काम औषधानं उरकायचं. डॉगवुडसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

सगळीच झाडं थंडी मोजतात असं नाही. आपल्याकडं नाताळच्या सुमारास लाल होणारी लालपत्ती रात्र मोजते. तिची ती लाल "फुलं" म्हणजे पुन्हा छदच, खरी फुलं मधल्या पिवळ्या मण्यांत. रात्री पुरेशा लांब आणि सलग काळोख्या मिळाल्या तरच ती लाल होते. आमच्या शाळेच्या फाटकाशी एक लालपत्ती होती. तिच्यावर रस्त्याचा दिवा पडायचा ती बाजू हिरवीच राहायची आणि भिंतीकडची बाजू लालभडक. शिपाईमामा म्हणायचे, झाडाला अर्धांगवायू झालाय.

तर रोप आणून उपयोग नाही. पण अगदीच लांबचं नातं मानायचं कारणही नाही. डॉगवुडच्या घराण्यातलं एक झाड आपल्याच देशात आहे, उत्तराखंडाच्या डोंगरांत, तिथं त्याला भमोरा म्हणतात. त्याचे चार छद पिवळसर असतात आणि फळ लाल, खडबडीत, बघताना स्ट्रॉबेरीची आठवण होणारं. लोक ते खातात. अमेरिकेतल्या डॉगवुडची लाल फळं माणसाला कडू लागतात, ती पाखरांसाठी.

या झाडाचा मान तिकडं मोठा आहे. व्हर्जिनियानं १९१८ साली ते राज्याचं फूल ठरवलं आणि १९५६ साली राज्याचं झाडही. १९१२ साली टोकियो शहरानं वॉशिंग्टनला तीन हजारांवर चेरीची झाडं भेट दिली, तेव्हा परतभेट म्हणून १९१५ साली अमेरिकेनं डॉगवुडची झाडं पाठवली. तिकडून खऱ्या पाकळ्या आल्या आणि इकडून वाकळ गेली, असं मी भाचीला म्हटलं; ती हसली नाही. दाजींना मात्र लाकडाची गोष्ट आवडली. डॉगवुडचं लाकूड फार घट्ट, घासलं की गुळगुळीत होत जाणारं. त्यामुळं एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कापड गिरण्यांसाठी त्याचे धोटे करायचे. धोटा म्हणजे मागावर ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडं पळणारी ती होडी. सूत तुटायला नको म्हणून तिला कूस असून चालत नाही. दाजींचा चुलता विट्यात मागावर होता, त्यामुळं धोटा त्यांना समजावून सांगावा लागला नाही. फूल बघून "पोट भरतंय का" विचारणारा माणूस लाकडाचं ऐकून म्हणाला, "मग हाय की कामाचं झाड!"

परवा, घटस्थापना होऊन गेल्यावर, भाचीचा परत फोटो आला. झाडाची पानं तांबडी पडलीत, मधे लाल फळांचे घोस, आणि फांद्यांच्या टोकांवर त्या चपट्या गुंड्या. तिनं एका गुंडीभोवती बोटानं गोल काढून पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, वाकळ पांघरली."

मी फोन दाजींना दाखवायला नेला, तर ते शेजारच्या द्राक्षबागेत काडीचे डोळे मोजत उभे होते.